शालूवहिनीचा राऊटर

मिक्सर बंद पडला की आई एका दमात प्लग बदलायची, भांडं बदलायची आणि वरून चार थापाही मारायची. शालूवहिनी येऊन तिचा हात धरायची. "आई, एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर बिघडलं काय होतं ते कळतच नाही."

माझी ही वहिनी नाशिकला एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. नेटवर्किंगची परीक्षा द्यायचं तिनं मनावर घेतलं आणि सरावासाठी मागच्या खोलीत जुने राऊटर मांडले. कंपन्यांनी मोडीत काढलेले हे राऊटर तिला भद्रकालीत सलीमभाईंच्या दुकानात मिळायचे. दादा त्या खोलीला 'शालूचा कारखाना' म्हणायचा.

सलीमभाईंकडून आणलेला एक राऊटर सारखा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. मेमरीत चूक असल्याचा संदेश यायचा. वहिनी तो उचलून तडक दुकानात गेली. मीही बरोबर होते. आत गिऱ्हाइकं उभी होती.

"मेमरी खराब आहे हे माहीत असून माझ्या गळ्यात मारलात?"

"मॅडम, चालवून बघितल्याशिवाय मी माल देत नाय. ठेवून जा, बघतो."

"आता तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?" राऊटर घेऊन ती पायऱ्या उतरली. ओळखीच्या क्लासवाल्यांनाही तिनं फोन करून सांगितलं, तिथून काही घेऊ नका.

रविवारी तिनं राऊटर उघडला. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक मूळची. दुसरी वहिनीनंच क्लासमधल्या जुन्या मशीनची काढून जास्तीची म्हणून बसवलेली. ती काढल्यावर राऊटर संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालला. ती एकटीच लावली, तर लगेच पुन्हा बंद-चालू. खाचा बदलून पाहिलं, तरी तेच.

वहिनी फरशीवर बसून राहिली. "पट्टी माझीच होती गं. आधी तीच काढून बघायची होती. मुलांना रोज दुसरं काय शिकवते मी?" त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या क्लासवाल्यांना पुन्हा फोन केले. कोणी हसले, कोणी "जाऊ द्या हो मॅडम" म्हणाले. एकानं सांगितलं, आम्ही आता मुंबईहून माल मागवतो. मग ती दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाली, "सलीमभाई, चूक माझी होती. तुमचा माल चांगला होता. मला माफ करा."

"बरं केलं, सांगितलं," ते म्हणाले आणि वायरींची गुंडाळी सोडवायला लागले.

पुढे वहिनी परीक्षा पास झाली. पेढ्यांचा पहिला बॉक्स तिनं त्यांच्याकडेच नेला. सलीमभाईंनी एक पेढा घेतला, "छान झालं मॅडम" म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. आम्ही थोडा वेळ थांबून निघालो.

घरी आल्यावर जिन्यात कठडा धरून वहिनी म्हणाली, "पूर्वी मी गेले की सलीमभाई स्टूल पुसून पुढे करायचे गं. आज मी उभीच होते."