गेली, म्हणजे कोण गेली?

आमच्या ह्यांच्या मंडळातल्या एकाही माणसानं गोळ्याच्या गाडीवरच्या लादीपेक्षा मोठा बर्फ आयुष्यात बघितलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे काही ज्ञान येणार आहे ते ह्याच लोकांचं आहे.

गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी पाचला हे मंडळ भरायचं. आमचे हे, म्हणजे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले हेडक्लार्क. शेजारच्या बिल्डिंगमधले एक प्राध्यापक, ज्यांनी तीस वर्षं कॉलेजात कॉमर्स शिकवलं आणि आता जगातलं उरलेलं सगळं आम्हाला शिकवतात. कापडाचं दुकान मुलांच्या हवाली करून मोकळे झालेले भाईसाब. आणि खालच्या मजल्यावरच्या बाई. चहा अर्थातच माझा, दोनदा, कधी तीनदा.

पूर्वी विषय एकच असायचा, जुन्या नट्या. कोणाचे डोळे, कोणाची मान, कोण कोणाच्या नादानं बिनलग्नाची राहिली. जणू काही ह्यांनाच मध्यस्थीला बोलावलं होतं. आमच्या ह्यांनी त्या नट्या बघितल्या कुठं, तर कन्नड गावी टुरिंग टॉकीजच्या तंबूत, मातीत बसून, पुढच्याच्या मुंडाशाच्या आडून. पण बोलणं ऐकाल तर वाटेल की रोज संध्याकाळी त्यांच्या बंगल्यावरच चहाला असायचे. 'वो जमाना अलग था साब,' असं भाईसाब म्हणायचे आणि तिघं मिळून उसासा टाकायचे. एका नटीच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडं होता की उजवीकडं, ह्यावर दोन संध्याकाळी वाद चालला होता आमच्याकडं. माझ्या पाठीवर भाजल्याचा एवढा मोठा डाग आहे, तो कशाचा, हे ह्यांना आजही सांगता यायचं नाय.

मग प्राध्यापकांच्या मुलानं परदेशातून एक व्हिडिओ पाठवला. बर्फाच्या मैदानावर, पात्याचे बूट घातलेली एक पोरगी आपल्या एका जुन्या हिंदी गाण्यावर गिरक्या घेत होती. झालं! फिगर स्केटिंग आमच्या घरात शिरलं ते शिरलंच. टीव्हीला नेट होतं, ह्यांना वेळ होता. बाहेर चाळीस-बेचाळीस डिग्री ऊन, कूलर घरघरतोय आणि समोर बर्फ. प्राध्यापक इंग्रजी कॉमेंट्री मराठीत करून सांगायचे. 'आता ती चुकीच्या धारेवरून उडाली. मार्क कापणार.' कोणती धार, कसली चूक, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाय आणि ऐकणाऱ्यालाही. पण माना सगळ्यांच्या हलायच्या. प्रत्येक पोरीला एकेक नटी चिकटवायची, हा तर नियमच झाला. 'ही मान बघा, डिट्टो ती आपली पांढऱ्या साडीवाली!' 'नाही हो, उसमें नजाकत थी, ये तो मशीन है.' सोळा-सतरा वर्षांची पोर जीव तोडून नाचतेय आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले हे तिला नापास करतायत. स्वतः संडासातून उठताना भिंत धरावी लागते.

आणि एक शब्द होता. बर्फावरची पोरगी उडी मारून पडली की सगळे एकदम ओरडायचे, 'गेली!' आणि मांडीवर थाप मारायचे. इकडं कोणी जुनी नटी वारली की खालच्या बाई मोबाईल बघून तेच म्हणायच्या, 'गेली!' मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, आसपासची वीसेक माणसं त्यात. त्यावर सगळ्यांच्या आधी श्रद्धांजली टाकायचा मान बाईंचा. समई, हात जोडलेले, खाली गुलाब. ह्या घाईत त्यांनी दोन जिवंत नट्यांनाही निरोप देऊन टाकला होता. स्वयंपाकघरात मला नुसतं 'गेली' ऐकू यायचं. मेली की घसरली, ते विचारायला मी कधी बाहेर आले नाय.

मग मी घसरले.

दुपारची चारची वेळ होती, मंडळ यायला अजून तास होता. फ्रिजखाली पाणी साचलेलं, त्यावर पाय पडला आणि मी ओट्याला आपटून खाली आले. आतून कट् असा आवाज झाला, तो मला स्पष्ट ऐकू आला. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये धड भिंतही नाय, कमरेएवढा कट्टा आहे. मी हाक मारली, 'अहो, मी पडले!'

हॉलमधून उत्तर आलं, 'थांब, हिची एवढी होऊ दे.'

मी फरशीवर पडून ते अख्खं गाणं ऐकलं. चार मिनिटांचं असतं म्हणे एकेकीचं. मधे एकदा पुन्हा हाक मारून बघितली, आवाजच निघेना. शेवटी टीव्हीत टाळ्या वाजल्या, मग हे कट्ट्याशी येऊन खाली वाकले. म्हणाले, 'अगं, खरंच पडलीस की!'

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. लेक पुण्याहून धावत आली, चार दिवस राहिली, नोकरीसाठी परत गेली. तिचं एकच म्हणणं होतं, डिस्चार्ज मिळाला की माझ्याकडं यायचं, कायमचं. आणि मला जायचं नव्हतं. लेक लई गुणाची आहे, जावईही चांगला आहे. पण तिच्या घरात मी सोफ्याच्या कडेला बसते, चमचा कुठं ठेवलाय ते विचारून घेते. माझ्या घरात मला डोळे मिटून हळदीचा डबा सापडतो. ह्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, 'मी करतो ना हिचं सगळं.' स्वतःचा टॉवेल कधी वाळत घातला नाय त्या माणसानं.

लेकीनं मला तीनदा विचारलं होतं, 'तू पडलीस तेव्हा बाबा कुठं होते?' तिन्ही वेळा मी विषय बदलला. ते 'थांब' तिला कळलं असतं तर तिनं मला एक दिवससुद्धा त्या घरात राहू दिलं नसतं. म्हणजे माझं घर माझ्याकडं राहायचं तर मला गप्प बसणं भाग होतं. ह्यांची लाज झाकायला नाय, माझ्या घरासाठी मी गप्प होते. हे नीट समजून घ्या.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सकाळी मला वॉकर धरून उभं करायला नेलं. ती फिजिओथेरपीवाली पोरगी म्हणाली, 'चला आजी, चार पावलं.' चार पावलांत घाम फुटला, पण टाकली. परत येऊन कॉटवर टेकते न टेकते तोच माझा फोन वाजला. लेकीचा होता. पलीकडून नुसतं हुंदके देणं चाललेलं.

'काय झालं गं?' मी विचारलं.

मग बारीक आवाज आला, 'आई?'

'मग कोण?'

ती जी रडायला लागली ती थांबेचना. खालच्या बाईंनी तिला फोन करून सांगितलं होतं, 'बाळा, आई गेली गं. आत्ताच ग्रुपवर बाबांनी लिहिलंय.' बाबा फोन उचलेनात, म्हणून तिनं माझ्या नंबरावर लावला होता. मी जिवंत आहे हे मला तिला दोनदा सांगावं लागलं. 'मी निघतेच,' एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

हे बाहेरच्या बाकावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. मी नर्सकडून बोलावून घेतलं आणि मोबाईल मागितला. दिला. वर बर्फ चालूच होता. तो बाजूला सारून मी ग्रुप उघडला आणि स्वतःचं मरण पहिल्यापासून वाचलं.

प्राध्यापकांनी विचारलं होतं, 'वहिनींची तब्येत कशी आहे?' त्याखाली ह्यांचा एकच शब्द, 'गेली.' कुठलीशी तिशीतली पोरगी तेवढ्यात बर्फावर आपटली होती, ती बातमी मंडळाला द्यायची घाई. वरचा प्रश्न वाचायचे कष्ट कोण घेणार?

बाईंनी लिहिलं, 'अरे देवा! कधी?'

'आत्ताच. माझ्या डोळ्यांदेखत.'

'अशी अचानक कशी?' हे प्राध्यापक.

'अचानक कसलं? वय झालंय. हिच्याच्यानं होणार नाही हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.'

'फार त्रास झाला का?'

'नाही. उठून हसली. सगळ्यांना वाकून नमस्कारही केला.'

'शेवटी जवळ कोण होतं?'

'कोणी नसतं. एकटीचंच असतं ते.'

ह्यावर प्राध्यापकांनी लिहिलं होतं, 'खरं आहे. शेवटी प्रत्येक जण एकटाच.' आणि मग समया, गुलाब, जोडलेले हात. हे तोवर पुढच्या पोरीकडं वळले होते, त्यांनी ते उघडूनही बघितलं नाय.

माझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते तर वाचाच. 'वहिनींच्या हातचा आल्याचा चहा विसरणं शक्य नाही.' 'असा चहा पुन्हा होणे नाही.' 'त्यांच्या चहाविना मंडळ पोरकं झालं.' एकानं पोहे लिहिले होते, एवढाच काय तो फरक. पासष्ट वर्षं जगले मी. देवगाव रंगारीहून एसटीनं ये-जा करून बी.ए. केलं, लेक इंजिनीअर केली, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली, आणि मागं राहिलं काय, तर आलं! त्या नट्यांच्या मानेवर पानं पानं बोलणारी माणसं ही.

पण खरी लागली ती चहाची गोष्ट नाय. 'एकटीचंच असतं ते.' ते बर्फाबद्दल होतं, मला कळत होतं. तरी ते माझ्यावरच लिहिल्यासारखं वाटलं आणि मी तोंड फिरवून रडले. ह्यांनी विचारलं, 'पाय दुखतोय का?' मी म्हटलं, 'व्हय, पाय.'

अर्ध्या तासात मंडळ दारात हजर. प्राध्यापकांच्या हातात पिशवी, पिशवीतून झेंडूचा हार डोकावत होता. मी कॉटवर बसून डाळिंबाचे दाणे खात होते. मला बघून त्यांचं तोंड जे उघडलं ते मिटेना.

'बसा,' मी म्हटलं. 'हार आणलाच आहे तर घाला.'

भाईसाब मात्र दाराला टेकून खरंच रडायला लागले. 'अल्ला का शुक्र है, भाभी,' म्हणाले. त्यांच्यापुरता मी माझा राग आवरला. खालच्या बाई सावरल्या सगळ्यांत आधी. 'असली खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं हो,' असं म्हणून माझं मरण त्यांनी माझ्यावरच उपकार म्हणून लादलं. हे ओशाळून हसत होते. पाच मिनिटं गेली आणि प्राध्यापकांना राहवेना. त्यांनी हळूच विचारलं, 'मग नेमकी पडली कोण?' आणि माझ्या मोडक्या पायाशी उभं राहून त्या पोरीची उडी सुरू झाली. कोणत्या धारेवरून उडाली, कुठं चुकलं, वगैरे. मी नर्सला सांगून तिघांना बाहेर काढलं.

संध्याकाळी लेक आली. डोळे सुजलेले. मला मिठी मारून बराच वेळ तशीच राहिली. मग उठून सरळ उभी राहिली आणि तिनं ह्यांच्याकडं बघत मला चौथ्यांदा विचारलं, 'आई, आज मला खरं सांग. तू पडलीस तेव्हा बाबा कुठं होते?'

आता विषय बदलता येण्यासारखा नव्हता. हे खिडकीपाशी उभे होते, रंग उडालेला. खरं माझ्या जिभेवर आलं होतं. पण उद्या डिस्चार्ज होता. माझं घर, माझे डबे, माझी खिडकी. ह्या असल्या माणसांपायी मी माझं घर का सोडू?

'दूध आणायला गेले होते,' मी म्हटलं. 'घरात नव्हते.'

बोलले आणि ह्यांच्याकडं बघितलं. मला काय हवं होतं सांगू? फक्त त्यांनी मान खाली घालावी. माफी नको होती, शब्दही नको होता. मान खाली घातली असती, तेवढ्यावर मी उरलेली वर्षं काढली असती.

'व्हय ना,' हे म्हणाले. 'चौकातल्या डेअरीपर्यंत गेलो होतो. घराजवळच्या दुकानात म्हशीचं दूध संपलं होतं. परत येताना जिन्यातच हिची हाक ऐकू आली. काय सांगू तुला, कसा पळालो! पिशवी तिथंच टाकली, दूध सगळं जिन्यात सांडलं. एक मिनिटसुद्धा लावलं नाही मी.' आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. खरेच भरले.

लेक उठली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 'बाबा, रडू नका हो,' म्हणाली.

'अगं,' मी तिला म्हटलं, 'माझी बॅग भर. उद्या इथूनच पुण्याला निघू.'