चंद्रीचा खरा आकडा

मनकर्णाबाईंनी आयुष्यात कुठल्याही चांगल्या गोष्टीचा खरा आकडा कुणाला सांगितला नव्हता. मुलगा सोमनाथ दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळवून आला, तेव्हा त्या गावभर "झाला बाई एकदाचा पास" एवढंच सांगत फिरल्या. पोरगं काठावर सुटलं असं समजून चार बायका त्यांचं सांत्वन करून गेल्या. पुढं तो वाळूजच्या कारखान्यात कायम झाला, तर म्हणाल्या, "जातो कुठंतरी, नट आवळतो." दुग्धव्यवसायाचा डिप्लोमा केलेली रूपाली सून म्हणून घरात आली. ती कशी आहे असं कुणी विचारलं, की मनकर्णाबाईंचं उत्तर ठरलेलं. "बरी हाय. भागतंय."

कारण एकच होतं, नजर. आणि नजरेचा कारखाना भिंतीला भिंत लावून राहत होता. त्याचं नाव आवडाबाई. दोन्ही घरांच्या मधली भिंत कमरेएवढी, आणि तिच्यावर कोपरं टेकून आवडाबाई दिवसातून चारदा तरी उभ्या असायच्या. एकदा त्या तिथूनच म्हणाल्या होत्या, "काय गं माय पपया लागल्यात तुझ्या झाडाला!" संध्याकाळी झाड आडवं. त्या दिवशी वारंही जोराचं सुटलं होतं हे खरं. पण वारा गावातल्या सगळ्याच पपईला लागला होता, पडलं फक्त आपलं, असं मनकर्णाबाईंचं म्हणणं.

चिकलठाण्याच्या पलीकडं, जालना रोडपासून थोडं आत त्यांचा गोठा होता. मुंबईहून येणारं सकाळचं विमान पत्र्यावरून खाली उतरलं की सहाही गायी माना वर करायच्या आणि मनकर्णाबाई चरवी उचलायच्या. या सहांमध्ये चंद्री म्हणजे घराचा प्राण. काळी-पांढरी, कपाळावर चांदवा, आणि दिवसाला बावीस लिटर दूध. हा बावीसचा आकडा जगात दोघींनाच ठाऊक होता, एक मनकर्णाबाई आणि दुसरी चंद्री. दहा लिटर सगळ्यांच्या देखत डेअरीच्या कॅनात जायचं. बाकीचं त्या दोन वेळा किटलीतून विमानतळामागच्या नव्या कॉलनीत स्वतः रतीबाला घालायच्या. किटलीत किती असतं हे विचारायची घरात कुणाची टाप नव्हती.

रूपालीनं लग्नानंतर वर्षभर सगळं मुकाट्यानं पाहिलं आणि मग कंबर कसली. आधी तिनं गायींची दावी सोडली. गोठ्याला जाळीचं कुंपण घातलं, पाण्याचा हौद कायम भरलेला ठेवला आणि गायी आत मोकळ्या सोडून दिल्या.

"जनावर बांधायचं नाय?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग काय त्याला बसायला खुर्ची द्यायची?"

पण तहान लागेल तेव्हा पाणी आणि वाटेल तेव्हा बसणं मिळाल्यावर पंधरा दिवसांत गायींच्या अंगावर तकाकी आली. मनकर्णाबाईंना ती दिसली. त्या आवडाबाईंना म्हणाल्या, "खरूज झाली वाटतं, चमकायलेत."

मग दूध काढायचं मशीन आलं. शहरातल्या दुकानदारानं ते महिनाभर वापरून बघायला दिलं होतं, पटलं तर ठेवा, नाही तर परत. चार कप गायीच्या सडांना लागायचे, पंप टकटक करायचा आणि दूध नळीतून बादलीत यायचं. गायी दोन दिवसांत सरावल्या. मनकर्णाबाईंची बोटं तीस वर्षं धारा काढून सकाळी वळत नसत, त्यांनाही ते मनातून पटलं होतं. पण अडचण बादलीची होती. बादली आरपार दिसणारी होती. दूध चढताना दिसत होतं, आणि वर लिटरचे आकडेसुद्धा छापलेले होते! त्यांनी धावत जाऊन तिच्यावर पदर टाकला.

"आत्याबाई, काय करताय?" रूपालीनं विचारलं.

"माश्या बसतेत."

झाकण घट्ट होतं, माशी बसली असती तरी बाहेरूनच. शेवटी तडजोड झाली. पाच गायी मशीनवर, चंद्री मनकर्णाबाईंच्या हातावर. "तिला माझाच हात लागतो," असं सांगून त्यांनी कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा बांधला आणि त्याच्या आड चंद्रीची धार सुरू झाली.

रूपाली रोज प्रत्येक गायीचं दूध मोबाइलमध्ये लिहायची. पडद्याजवळ येऊन विचारायची, "आत्याबाई, चंद्री?"

"पाच."

संध्याकाळी पुन्हा, "चंद्री?"

"पाच."

"रोज बरोबर पाचच कशी देते हो?"

"शिस्तीची गाय हाय."

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चाललं. पण आता खुराकही आकड्यावर गेला. आधी मनकर्णाबाई अंदाजानं पाटी भरायच्या आणि चंद्रीच्या पाटीवर दोन ओंजळी जास्तच पडायच्या. आता रूपालीनं तराजू लावला. गायीच्या अंगासाठी दीड किलो, वर दर लिटरमागं चारशे ग्रॅम. बाकीच्या पाच गायींचं दूध त्यानं वाढलं. चंद्रीला मात्र दहा लिटरचा खुराक मिळू लागला आणि दूध ती बावीस लिटर देतच राहिली. आठ दिवसांत तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

"हिला जरा वाढव की," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"दहा लिटरच्या गायीला एवढंच लागतं, आत्याबाई. जास्त दिलं तर वाया जाईल." रूपाली हसून पुढं म्हणाली, "तुम्ही तिचं दूध वाढवून सांगा, मी खुराक वाढवते."

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात भिंतीवर दोन कोपरं टेकली गेली आणि मागून आवडाबाईंचं डोकं वर आलं. मनकर्णाबाईंनी तोंड मिटलं. शिवाय आकडा मोबाइलमध्ये जाणार होता. मोबाइलात गेलेली गोष्ट पार दिल्लीपर्यंत दिसते असं त्यांनी ऐकलं होतं. आवडाबाईची एक नजर सोसवत नव्हती, तिथं अख्ख्या देशाची कुणी सोसायची?

त्यांनी आपल्या परीनं तोड काढली. दुपारी रूपाली चारा कापायला गेली की त्या चुलीपाशी बसायच्या आणि चंद्रीसाठी भाकरी थापायच्या. पहिल्या दिवशी चार. मग आठ. मग गूळ लावून पंधरा. चंद्री आवडीनं खायची आणि मनकर्णाबाई तिच्या गळ्यावरून हात फिरवत म्हणायच्या, "खा माय. तुझा हिशेब माझ्यापाशी हाय."

पिठाचा डबा भराभर रिकामा होऊ लागला. रूपालीनं नवऱ्याला विचारलं, "तुम्ही डब्यात अख्ख्या शिफ्टला भाकरी नेता का?"

"मी तर कॅन्टीनला जेवतो," सोमनाथ म्हणाला.

दोघांनी मनकर्णाबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "वय झालं. भूक वाढती."

दुसऱ्या दिवसापासून बिचारी रूपाली सासूच्या ताटात दोन भाकरी जास्त वाढू लागली. मनकर्णाबाई त्याही पदराखाली घालून गोठ्यात नेत.

दहाव्या दिवशी चंद्रीनं रवंथ करणं थांबवलं. डावी कूस फुगली, शेण पातळ झालं, आणि ती जी खाली बसली ती उठेना. सकाळी जेमतेम दीड लिटर दूध निघालं. भिंतीवरून आवडाबाईंनी निदान जाहीर केलं. "मशीननं शोषली गाय! मी म्हणतच व्हते."

मशीनचा कप चंद्रीला आजवर शिवलाही नव्हता. पण दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली आणि दोघं-तिघं तर मशीन बघायला येऊन लांबूनच बघून गेले.

रूपाली मोबाइल घेऊन ओट्यावर बसली. पुन्हा पुन्हा तेच आकडे बघत होती. सोमनाथ आला तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. "माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "चांगली धडधाकट गाय मी आजारी पाडली. मशीन रविवारी परत करून टाका. वाळूजला तुमच्याकडं भरती चाललीय ना, मी अर्ज करते. आत्याबाईंना तसंही माझं काही पटत नाही. कुणी विचारलं तर नुसतं बरी हाय म्हणतात."

मनकर्णाबाई आत तव्यापाशी होत्या. हातातली भाकरी हातातच राहिली. सून सकाळी उठून बसमधून वाळूजला जाईल, आणि आपण पुन्हा एकट्या सहा गायींच्या मागं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ही पोरगी आल्यापासून गोठ्यात बोलायला माणूस होतं. सकाळी बोटं वळत नसली की ही गरम पाण्याचं भांडं न सांगता समोर ठेवायची. आणि तिला वाटत होतं, आपण सासूला आवडत नाही! मनकर्णाबाईंना रडूच आलं. त्यांनी ते धुरावर ढकललं.

जनावरांचे डॉक्टर सम्यक साळवे आले. तरुण माणूस, शहरात वाढलेला, पण हात चांगला. त्यांनी कूस दाबून पाहिली, ताप घेतला आणि विचारलं, "खायला काय देता?"

रूपालीनं मोबाइल पुढं केला. डॉक्टरांनी वाचला आणि कपाळाला आठी घातली. "याच्यात तर काहीच चूक नाही. दहा लिटरच्या गायीला हा खुराक बरोबर आहे. पण एवढ्यावर गाय वाळते कशी? आणि वाळली तर पोट कशानं बिघडलं? मावशी, आजारी पडायच्या आधी ही नक्की किती दूध द्यायची?"

मनकर्णाबाईंनी भिंतीकडं पाहिलं. आवडाबाई होत्या. आज तर कोपराखाली उशी घेऊन आल्या होत्या.

"आवडे, तुझं दूध उतू चाललं बघ," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"आज चूल पेटवलीच नाय," आवडाबाई म्हणाल्या आणि जास्तच आरामात टेकल्या.

मग मनकर्णाबाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि दोन्ही हातांवर टॉवेल टाकला. गुरांच्या बाजारात दलाल असाच रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात, चारचौघांत असून कुणाला कळत नाही. त्यांनी आधी डॉक्टरांची दोन बोटं घट्ट धरली, मग सोडली, मग परत दोन धरली. दोन दहा आणि वर दोन.

डॉक्टर गोंधळले. "मावशी, माझी नाडी कशाला बघताय?"

"बोटं मोजा की!"

"दोन बोटं धरली तुम्ही. दोन लिटर?"

मनकर्णाबाईंनी पुन्हा दाबली, या वेळी इतक्या जोरात की डॉक्टर ओरडले. "चार? चार लिटर?"

"चार लिटरची गाय?" भिंतीवरून आवडाबाई कळवळल्या. "अगं माय, ईक तिला!"

रूपाली खाली मान घालून मशीनच्या नळ्या गुंडाळत होती. परत पाठवण्यासाठी. ते बघितलं आणि मनकर्णाबाईंच्या हातून टॉवेल गळून पडला.

"बावीस!" त्या ओरडल्या. "बावीस लिटर देती माझी चंद्री! रोज! आन् खुराक तिला दहाचा मिळाला, कामून की आकडा मीच खोटा सांगितला. मग जीव ऱ्हाईना म्हणून भाकरी घातल्या. काल अठरा घातल्या, गूळ लावून. पोरीचं गणित बरोबर हाय, डाक्टर. ते मशीनबी बरोबर हाय. माझी रूपाली अशी हुशार हाय, की अशी सून पंचक्रोशीत नाय कुणाला. घ्या, सांगितलं. आता काय व्हायचं ते व्हऊ द्या."

रूपाली नळी हातात धरून तशीच उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "अठरा भाकरी?" आणि लगेच पिशवी उघडून औषध काढू लागले. एवढं पीठ एकदम पोटात आंबलं, म्हणून रवंथ बंद, त्यांनी समजावलं. भाकरी बंद, सुका कडबा सुरू, आणि बरी झाली की खुराक हळूहळू बावीसच्या मापावर न्यायचा.

आवडाबाईंना मात्र वेगळंच लागलं होतं. "म्हंजे मला इतके दिवस खोटं सांगितलंस?"

"सांगितलं. तुझ्या नजरेच्या भ्यानं."

"माझ्या?" आवडाबाईंनी उशी काखेत मारली. "अगं, माझी म्हैस बारा लिटर देती आन् मी तुला सात सांगते. तुझ्या भ्यानं! अख्खं गाव तुझ्यासमोर दूध झाकून नेतं मनकर्णे, तुला ठाव नाय?"

आपली नजर लागते! मनकर्णाबाईंना हे साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना बघितलं आणि म्हणाले, "तरीच. या गावात एकाही जनावराचं दूध मला कुणी खरं सांगत नाही."

पाचव्या दिवशी चंद्री रवंथ करू लागली. महिन्यानं लुगड्याचा पडदा निघाला आणि ती मशीनवर आली. कास कोमट पाण्यानं धुवायचं काम मनकर्णाबाईंनी स्वतःकडं ठेवलं. टकटक सुरू झाली, बादलीत दूध चढू लागलं, आणि त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. दोन्ही वेळचं मिळून चोवीस भरलं. रूपालीनं गोठ्याच्या फळ्यावर ते खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं. मशीन परत गेलंच नाही, आणि सोमनाथनं आणलेला अर्ज खुराकाच्या पिंपाखाली ओल येऊ नये म्हणून घातला गेला.

एवढं झालं तरी मनकर्णाबाई काजळाची डबी घेऊन आल्याच. फळ्यावरच्या चोवीसशेजारी एक ठिपका दिला. एक बादलीला, एक चंद्रीच्या चांदव्याला. मग त्या रूपालीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मान वळव."

"मला कशाला, आत्याबाई?"

"वळव म्हणते ना. त्या दिवशी सगळ्यांदेखत बोलून बसले मी." त्यांनी तिच्या कानामागं अंगठ्यानं चांगली ठसठशीत तीट लावली. "चंद्री सोडली तर दृष्ट लागावी असं तुझ्याबिगर दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

त्या दिवशी डेअरीवर रूपाली दूध घालायला गेली, तेव्हा रांगेतल्या बाईनं तिला सांगितलं, कानामागं काळं लागलंय गं. रूपालीनं हात वर नेला, पण पुसलं नाही.