कावीळबाईंचा खळगा

काविळीच्या विषाणूच्या हात धुऊन मागे लागलेल्या त्या संशोधक बाईंना सगळे ‘कावीळबाई’च म्हणत. समोर कोणीही आलं, की आधी त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायच्या, मग चेहरा. लेकीचीही रोज सकाळी त्यातून सुटका नसे. "आई, मी पेशंट नाहीये," ती वैतागायची.

प्रयोगशाळेची रीत अशी, की तपासणीच्या थाळीतल्या एका खळग्यात तुलनेसाठी आपल्यापैकीच कोणाचं तरी निरोगी रक्त घालायचं. विषाणू असला तर खळगा पिवळा होतो. निरोगी रक्ताचा हा मात्र स्वच्छ राहायला हवा. सुईला घाबरणाऱ्या बाई दर वेळी दुसऱ्यालाच पुढे करायच्या. या खेपेला सगळ्यांनी त्यांनाच धरलं.

दुपारी थाळीतून एकच पिवळा डोळा त्यांच्याकडे बघत होता. खळगा त्यांचाच होता.

"रसायन खराब असेल," सहायक चाचरत म्हणाली.

नोकरीला लागताना सक्तीने घेतलेलं आपलं जुनं रक्त बाईंनी शीतपेटीतून काढून तपासलं. तेही पिवळं झालं. लेक तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. आणि हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाकडे जाऊ शकतो, हे त्याच तर सगळ्यांना शिकवत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आपणहून डोळे मोठे करून समोर उभी राहिली. "घे, बघ एकदाचं."

बाई खिडकीबाहेरच बघत राहिल्या.