हळद लागलेली बीएसए

आमच्या मालकाला, म्हंजी सटवाजीला, दोन बायका. एक मी सुमन अन् दुसरी छपरीत उभी बीएसए मोटारसायकल. ती माझ्या आधीपासून घरात हाये. निजामाच्या काळात वसमतच्या जकात नाक्यावर एक साहेब होता, माझे सासरे त्याची गाडी पुसायचे. पोलीस ॲक्शन झाली, साहेब मुलूख सोडून गेला अन् जाताना गाडी सासऱ्याच्या हवाली केली. इंग्लंडात लढाईसाठी बनवल्याली गाडी अशी आमच्या कुरुंद्यात आली. आधी सासऱ्यानं जपली, मग ह्यांनी. टाकीवरची अक्षरं अजून जशीच्या तशी हायेत. मला आपल्या मनानं कधी लुगडं आणलं न्हाई ह्या माणसानं, पण तिच्या एका पार्टासाठी हैदराबाद गाठलं. राग येणार न्हाई व्हय?

दरसाल भीमजयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून ती सगळ्यात पुढं, अन् वर हे. यंदा गुडघ्याचं आपरेशन झालं, डॉक्टरनं किक बंद केली. जुन्या गाड्या जमवणारा पुण्याचा एक माणूस कवापासून मागंच लागला होता. ह्यांनी आमाला बसवून सांगितलं, जयंतीला घरातल्या कुणी चालवली तर ठेवू, न्हाई तर देऊन टाकू. उभ्या उभ्या गंजल्याली मला बघवणार न्हाई.

पीडा टळली म्हणून मी खूश व्हायला पाहिजे होते. पण छपरीत जाऊन मी पदरानं तिची टाकी पुसली.

आमचा प्रज्ञेश पुढं झाला. पोरगं त्याची गाडी वाऱ्यासारखी पळवतं, पण हिचं सगळं उलटं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. समोरच्या खळ्यावर शेजारच्या उकंडरावची हळद वाळून राहिली होती. प्रज्ञेशनं ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला अन् पडला गिअर. गाडी सरळ हळदीत. पोरगं पिवळं, गाडी पिवळी. नशीब, लागलं कुणाला न्हाई.

उकंडराव चिडायचं सोडून हसायलाच लागले. म्हणाले, "सटवाजी, हळद लागली तुमच्या गाडीला. आता सासरी जाणार बघा."

सगळे हसले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

आमची सून ज्योती टाकी पुसून राहिली होती. मान वर न करता बोलली, "हळद नवरदेवालाबी लागते, काका. तो कुठं घर सोडून जातो?"

दुसऱ्या दिवसापासून तीच शिकायला बसली. तिनं सायकलीपुढं काही चालवलं नव्हतं, म्हणून पायाला जुनी खोडच न्हाई. हे डावा म्हणाले की डावाच. प्रज्ञेश दोन दिवस तोंड फुगवून हिंडला, मग मुकाट्यानं मागून गाडी धरून पळायला लागला.

जयंतीला पुण्याचा माणूस टेम्पो घेऊनच आला. ज्योतीनं पांढऱ्या साडीचा पदर खोचला, किक मारली. काही न्हाई. परत मारली. काही न्हाई. तिसऱ्या किकला धडधड सुरू झाली अन् मला रडूच फुटलं.

ती म्हणाली, "बाबा, बसा मागं."

जन्मात मागच्या सीटवर न बसलेला माणूस गुमान बसला अन् सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. टेम्पोपाशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"साहेब, जेवल्याबिगर जाऊ नका," ते म्हणाले, "पण टेम्पो रिकामाच न्यावा लागंल."