पाठीवर खो

मुरुम गावाच्या बाजूला एका शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींचं खो-खोचं शिबिर भरायचं. चार वर्षं तिथला स्वयंपाक मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी केला. आता ते शिबिर दुसरीकडं भरतं. तरी मे महिना आला की सकाळी मैदानावर मारलेल्या पाण्याचा वास मला आठवतो, आणि दुसऱ्या वर्षी आलेली ती पोर आठवते.

ती सीमेकडच्या गावची, घरी कानडी बोलणारी. बारा-तेरा वर्षांची असेल. पळायला अशी चपळ, की मैदान झाडणारी बाईसुद्धा झाडू थांबवून बघायची. पण खो देताना तिचा आवाज निघत नसे. बसलेल्या मुलीच्या पाठीला मागून हात लावून मोठ्यानं 'खो' म्हणावं लागतं, तेव्हाच ती उठून पळते. ही हात लावायची, ओठ हलवायची, आणि बसलेली मुलगी तशीच बसून राहायची. खेळ शिकवणाऱ्या सरांची शिट्टी वाजायची. बाकीच्या पोरी तिला मुकी म्हणायच्या.

एका दुपारी ती पाणी प्यायला आली आणि रांजणापाशीच उभी राहिली. हळूहळू बोलू लागली. शेवटच्या दिवशी जिल्ह्याच्या संघात नाव आलं तरच पुढं खेळायचं, नाही तर खेळ बंद, असं वडिलांनी तिला सांगून पाठवलं होतं. मीही चार माणसांत बोलणारी नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण उत्तर येत असूनही कधी हात वर केला नाही. तिचा आवाज का निघत नाही ते मला कळत होतं.

शेवटी मी म्हणाले, "मी भाकरी थापत बसते. तू मागून येऊन मला खो दे. ऐकू आला की उठते."

चाळीस पोरींच्या भाकरी. दोघी थापायला बसलो की परातींचा चांगलाच आवाज व्हायचा. त्या आवाजातही तिचा 'खो' ऐकू यायला हवा होता. ती लिंबाच्या झाडापासून पळत आली, पाठीला हात लावला. मला काहीच ऐकू आलं नाही, तरी मी उठले.

"कशाला उठलीस?" जाऊबाई म्हणाल्या. "मला तर काय ऐकू आलं न्हाय."

"थोडा आला की."

"तुझ्या मनात आला आसंल. मैदानावर तुझ्यासारखी मायाळू कुणी बसायची न्हाय."

पोरीचं तोंड उतरलं. मला माझीच लाज वाटली. माया करून मी तिचं नुकसानच करत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी उठले नाही. पाठीवर हात पडायचा, मी मान खाली घालून थापत राहायचे. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी ती रडून गेली. पण चौथ्या दिवशी ती परत आली आणि पाठीमागून असा 'खो' आला, की मी दचकून बसूनच राहिले.

"आता ऊठ की गं," जाऊबाई म्हणाल्या. "का आता बहिरी झालीस?"

मी उठून लिंबापर्यंत पळाले. हात पिठाचे, पदर सुटलेला. तव्यावरची भाकरी करपली. पोरीनं ती कुणाला वाढू दिली नाही, स्वतःच खाल्ली.

शेवटच्या दिवशी निवडीचा सामना होता. मी कधी मैदानाकडं जात नसे, त्या दिवशी गेले आणि बघ्यांच्या कडेला उभी राहिले. पहिला खो देतानाच तिचा आवाज निघाला नाही. शिट्टी वाजली. पोरी हसल्या. सर तिला म्हणाले, पुन्हा असं झालं तर बाहेर बस. मला काहीतरी ओरडून सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. तेवढ्यात तिची नजर माझ्याकडं आली. मी काय केलं, तर तिच्याकडं पाठ केली आणि तिथंच मातीत उकिडवी बसले.

शेजारचे एक म्हातारे म्हणाले, "बाई, खेळ तिकडं चालू हाय."

मी हलले नाही. कान मागं लावून बसले. पावलं वाजली, आणि मग तिचा आवाज आला, चिरकलेला पण मोठा. मागं वळून बघितलं तर बसलेली पोर उठून पळतही सुटली होती.

बारा नावं वाचली, त्यात तिचं अकरावं. दुपारी वडील मोटारसायकलवर न्यायला आले. त्यांनी गाडी चालूच ठेवून काय झालं ते विचारलं. ती कानडीत सांगायला लागली. मला त्यातलं फारसं समजत नव्हतं. ती हात करून मैदान दाखवत होती, चूल दाखवत होती, थांबतच नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी गाडी बंद केली.