सोळा वेळा भरलेला फॉर्म

वडील फुप्फुसाच्या आजारानं गेले. शिरोलीच्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, त्यांनी उभा जन्म काढला होता. म्हणून पीएच.डी.साठी मी फाउंड्री कामगारांच्या श्वासाचा विषय घेतला आणि प्रश्नावली इंटरनेटवर टाकली. कामगार सायबर कॅफेत येऊन ती भरत; मदतीला मी तिथंच बसलेला असे.

साचे करणारा एक निवृत्त कामगार दिवसाआड सकाळी यायचा. चपला दाराबाहेर काढायचा, हात विजारीला पुसायचा आणि एका बोटानं उत्तरं द्यायचा. महिनाअखेर पाहिलं, तर त्याचे एकट्याचे सोळा फॉर्म. माणशी एकच चालतो, असं सांगितल्यावर तो भडकला.

“सर, दम रोज येगळा लागतोय. कालचं आज कसं खरं हुईल?”

“पण एकच ठेवता येतो हो.”

तो धापा टाकत थांबला. मग हळूच म्हणाला, “छापून येणार न्हवं? मग बरा हुतो त्या दिवसाचा ठेवा की.”

मी नकारार्थी मान हलवली. नियमानं पहिलाच ठेवायचा होता. घरचा जिना एका दमात चढवत नाही, असं त्यात होतं. मी तोच ठेवला आणि बाकीचे पुसत गेलो. त्या पंधरांत बरा दिवस एकच होता. तो पुसायला मला फार वेळ लागला.