नाव न घातलेलं पत्रक

वॉर्डात केस सांगायची एक पद्धत असते. खाटेशी सरांसमोर उभं राहायचं आणि पाठ केल्यासारखं सुरू करायचं: वीस वर्षांचा पुरुष, मूळ चिकोडीकडचा, राहणार राजाजीनगर, धंदा घड्याळदुरुस्ती, मोठी बहीण एक, अविवाहित, मामा लहानपणीच रक्तस्रावाने गेलेला. नाव घ्यायचं नाही. चुकून घेतलंच, तर सर म्हणायचे, "नाव नको अम्मा, केस सांग." नाव घेतलं नाही म्हणजे पेशंटची अब्रू राखली, अशी आम्हा शिकाऊ डॉक्टरांची पक्की समजूत होती.

मी तेव्हा बंगळूरला रक्ताचे आजार आणि कॅन्सर यांचं प्रशिक्षण घेत होते. कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढायची, काचेवर पसरायची, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, आणि मग बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सांगायला जायचं. पहिली तीन कामं मला चांगली जमत. चौथं त्याहून चांगलं जमतं असं मला वाटायचं, कारण पुण्यात शिकताना मी अभ्यासापेक्षा पत्रकं जास्त लिहिली होती. छोटी वाक्यं, शेवटी उद्गारचिन्ह. लोकांना जाणून घेण्याचा हक्क आहे! आजार लपवणं हाच आजार आहे! अशी वाक्यं मला झोपेतसुद्धा सुचत.

त्या घड्याळदुरुस्तीवाल्या मुलाला हिमोफिलिया होता. रक्त गोठायला लागणारा एक घटक अंगात जन्मतःच नसतो. साधी ठेच लागली तरी सांध्यात रक्त साचतं आणि गुडघा नारळाएवढा होतो. त्या घटकाचं इंजेक्शन परदेशातून यायचं, आमच्या पेशंटांच्या आवाक्याबाहेरचं. आम्ही रक्तपेढीतून क्रायो आणायचो, म्हणजे गोठवलेल्या रक्तद्रवातून काढलेला साका, आणि कोमट पाण्यात वितळवून पिशवीमागून पिशवी लावायचो. क्रायो नसलं तर बर्फ आणि पट्टी. हे बघून माझं डोकं फिरायचं.

त्याला घेऊन त्याची बहीण यायची. शाळेत शिवण शिकवायची, जवळजवळ माझ्याच वयाची, पण मला अक्का म्हणायची आणि चिकोडीकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी जातो" बोलायची. त्या शहरात माझ्याशी मराठीत भांडू शकेल असं एवढं एकच माणूस होतं.

एकदा भावाला क्रायो चालू असताना तिनं हळूच विचारलं, "अक्का, हे माझ्यात पण असंल काय?"

तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बनशंकरीचा, कारखान्यात कामाला. साखरपुडा पुढच्या महिन्यात.

मी लॅबच्या फॉर्मच्या पाठीवर चित्र काढलं. पुरुष चौकोन, बायका गोल. भावाचा चौकोन पूर्ण काळा. आईच्या गोलात अर्धी शाई. तिच्या गोलात मी प्रश्नचिन्ह काढलं. "असेल किंवा नसेल. तुला त्रास नाही, पण मुलग्यांत उतरू शकतो. तपासणी आहे, नमुना बाहेरगावी पाठवावा लागेल."

तिनं त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. म्हणाली, "साखरपुड्याच्या आधी मीच सांगणार त्याला. ह्या चित्रावरनंच सांगतो. बरोबर होतंय काय बघा हं." आणि तिनं मलाच नवरामुलगा समजून सगळं सांगून दाखवलं. दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा नीट जमलं. "आता तो पळून नाही गेला म्हणजे झालं," म्हणाली आणि हसली. कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

त्याच आठवड्यात पेशंटांच्या हक्कांसाठी झटणारे आम्ही सहाजण बनशंकरीच्या एका खोलीत बसून पत्रक काढत होतो. मागणी साधी होती: सरकारी रुग्णालयात हे इंजेक्शन ठेवा. कन्नड मजकूर दुसऱ्याने लिहिला, मराठी मी. नुसती मागणी कोण वाचतं? माणूस हवा. मी लिहिलं: "राजाजीनगरातल्या वीस वर्षांच्या एका घड्याळदुरुस्ती करणाऱ्या तरुणाची ही कहाणी!" पुढे चिकोडी आली, मामा आला. "त्याच्या लग्नाच्या वयाच्या बहिणीच्या रक्तातही हा दोष दडलेला असू शकतो! तिची तपासणी कोण करणार?" जे शब्द तिला समजावताना सापडले होते, तेच. चांगले सापडले होते, वाया का घालवा?

गटातला एक कन्नड मित्र म्हणाला, "स्वल्प थांब. ही माणसं ओळखू येतील का?"

"नाव कुठाय?" मी म्हटलं.

संक्रांतीला राजाजीनगरातल्या मराठी बायकांच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं. त्या मुलाची बहीण मला घेऊन जाणार होती, पण माझी ड्यूटी लागली. मग मी सुतळीने बांधलेला गठ्ठा तिच्याच हातात दिला. म्हटलं, "तिळगुळाबरोबर एकेक दे."

"देतो की."

"वाचून बघ आधी."

"तुमचं लिवलेलं मी काय तपासायचं, अक्का?"

मला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं, ते अजून आठवतं.

त्यानंतर बरेच दिवस ती आली नाही. लग्नाच्या गडबडीत असेल, असं मी धरून चालले. आली ती भावाला रिक्षातून उचलून आणत. गुडघा चार दिवसांपासून सुजलेला. मी तिच्यावर ओरडले. चार दिवस! घरी बसून काय करत होता? सांध्याचं वाटोळं होतं, किती वेळा सांगितलंय?

"आई सोडत नव्हती," ती म्हणाली. "म्हणाली, परत गेलात तर परत छापतील."

मला तरीही कळलं नाही. खरंच नाही. तिला सगळं सांगावं लागलं, बाकावर बसून, माझ्याकडे न बघता. हळदीकुंकवाला नवऱ्यामुलाची काकू आली होती. हिनंच तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, पत्रक दिलं. काकूनं तिथेच वाचलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं, दूध प्यायली, "येते गं" म्हणून गेली. दोन दिवसांनी निरोप आला, घरात अडचण आहे. मग मुलगा स्वतः येऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहिला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हॉलभर वाटलंस, मला नाही सांगितलंस."

मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "असली माणसं! बरं झालं आधीच कळलं. यावर लिहायला पाहिजे."

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "त्यांच्यावर पण पत्रक काढणार?"

"अगं, पण मी नाव नव्हतं घातलं तुमचं."

"तेच की," ती म्हणाली. "नाव घालणार असता तर मला विचारलं असतं नव्हं?"

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. पिशवीतून गठ्ठा काढला, तीच सुतळी. उरलेली पत्रकं, आणि त्यांच्यावर घड्या पडलेली आणखी काही. आई घरोघरी जाऊन परत मागून घेत होती. कुणी दिली, कुणी "सापडत नाहीत" म्हणाली. वरच्या पत्रकावर हळदीचं बोट उमटलं होतं. "हे तुमचं," म्हणाली आणि क्रायोची चिठ्ठी घेऊन रक्तपेढीकडे निघाली. मीच दाखवलेल्या वाटेने.

मी नवऱ्यामुलाला भेटून समजावते, असं मी तिला नंतर जिन्यात गाठून म्हटलं. तिनं हात जोडले. "आता तुम्ही कुणाला काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड. सर, मागे सात-आठ विद्यार्थी वह्या उघडून. "चल अम्मा, सुरू कर." मी सुरू केलं, "वीस वर्षांचा पुरुष, मूळ..." आणि खाटेवरून तो मुलगा माझ्याकडे बघत होता. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण आपलं गाव, आपला धंदा आणि आपली बहीण कुठल्याही भाषेत कळतेच. इतके महिने तो हे ऐकत आला होता. शेजारचे पेशंट ऐकत होते. सगळा वॉर्ड ऐकत होता. आणि मी अब्रू राखत होते!

मी थांबले. मराठीत त्याला विचारलं, "काय सांगू?"

त्यालाही हा प्रश्न नवा होता. म्हणाला, "गुडघा सांगा."

मी गुडघा सांगितला. किती सूज, किती वाकतो, किती पिशव्या लागल्या. सर म्हणाले, "फॅमिली हिस्टरी?"

"फाइलमध्ये आहे, सर. इथे नको."

विद्यार्थ्यांना वाटलं, आता हिची धुलाई. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. यात माझं शौर्य काही नव्हतं. तो गुडघा त्यानंतर कधी पुरता सरळ झाला नाही. ते चार दिवस माझ्या खात्यावर आहेत, आणि तिचं मोडलेलं लग्नसुद्धा. त्या पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर मला सुटकाच नाही.

ती पुढे भावाबरोबर येत राहिली. मला डॉक्टर म्हणू लागली. अक्का पुन्हा कधी नाही.

हे लिहून झाल्यावर छापायला न देता मी आधी तिला टपालाने पाठवलं, कोरं पाकीट आणि तिकीट घालून. नको म्हणालीस तर फाडून टाकीन, असं वर लिहिलं. तीन आठवडे काही आलं नाही. मग कागद परत आले. तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा होत्या आणि शेजारी लिहिलं होतं, हे बदला. ते बदललं आहे. कुठे, ते सांगणार नाही. गुडघ्याशेजारी लिहिलं होतं, तो म्हणतो राहू दे.

शेवटच्या पानाखाली एकच ओळ होती: "ह्या वेळेला वाचलं."